आप्पा, तुमचा पाय चुकला नव्हता

आप्पा,

चिठ्ठी मुद्दाम तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवलीय, म्हणजे दादाच्या आधी तुम्हीच वाचाल. दहा वाजता तो जीप बघायला गिऱ्हाईक आणतोय. त्याला परत पाठवा.

रविवारी उतारावर जीप गोठ्याच्या भिंतीला धडकली ती माझ्यामुळे. जुन्या जीपमधलं पायपांचं जंजाळ कमी करते म्हणून मीच हौसेनं बसले होते. डिझेलच्या पायपा नीट झाल्या. पण व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या नळ्यांत फोर-व्हीलची न लागणारी नळी बंद करायची सोडून मी ब्रेकला जोर देणारी नळीच बोल्ट खुपसून बंद केली. मग तुम्ही कितीही जोर लावला तरी ब्रेक लागणार कसा?

तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, "पुने, ब्रेक दगडावानी झालाय." सोमवारी मी बॉनेट उघडलं, बोल्ट ब्रेकच्या नळीत दिसला, तरी बॉनेट तसंच लावून टाकलं. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या जोडणीतल्या चुका काढते, पण स्वतःची कबूल करायला जीभ रेटली नाही. काल जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "वय झालं, पाय येळेवर पडला न्हाई," आणि किल्ली दादाच्या हातात दिलीत. मी खाली बघून भाकरी मोडत राहिले.

आज गाडी हलवू नका. शिफ्ट सुटली की चारपर्यंत येते आणि नळी जोडते. तुम्ही शेजारी उभं राहून बघा.

किल्ली दादाच्या खिशातून काढून तुमच्या खुंटीवर अडकवलीय. त्यानं विचारलं तर ही चिठ्ठी त्याला वाचून दाखवा. आईला चुलीपाशी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पुनी