उघडी कपाटं

बाई,

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायला मला तुमच्या चष्म्यापासून सुरुवात करावी लागते. जाड काचा, डाव्या काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा. मग कपाळ, मग तो घट्ट अंबाडा. आवाज मात्र लगेच येतो. मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. त्यांच्यानंतर तुम्हाला ओळखणारं माझ्या आयुष्यात कुणी उरलं नाही. आई आहे, पण तिला आता माणसं एकमेकांत मिसळतात. तुमचं नाव काढलं की ती म्हणते, "कोनती बाई? दवाखान्यातली?" म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे.

मी चामोर्शीला कॉलेजात आले तेव्हा मावशीकडे राहत होते. दोन खोल्या, त्यात मावशीची चार पोरं, सासरे आणि मी. कॉलेज सुटल्यावर तिकडे जायचं जीवावर येई. ग्रंथालयात पंखा होता आणि कुणी उठवत नसे, म्हणून मी तिथे येऊन बसायचे. टिनाचं छप्पर, मागे ऐनाची झाडं, लांब टेबल, दुपारच्या बसने येणारी वर्तमानपत्रं. तुम्ही ग्रंथपाल होऊन यायच्या आधी कपाटांना कुलपं असत. काचेतून पुस्तकाचं नाव वाचायचं, चिठ्ठीवर लिहून द्यायचं, मग शिपाई काढून देणार. माझ्यासारखी मुलगी चिठ्ठी लिहायलाच घाबरायची. तुम्ही आल्या आल्या कुलपं काढून टाकलीत. प्राचार्य म्हणाले, पुस्तकं जातील. तुम्ही म्हणालात, "आत राहून तरी काय करतात ती?" हे मी शेजारच्या टेबलावरून ऐकलं आणि हसू आलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घातली.

तुम्हाला ते दिसलं असणार. कारण त्याच आठवड्यात तुम्ही माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात. "रोज येतेस. पुस्तक उघडत नाहीस. मग बसतेस कशाला?"

"घरी बसाले जागा नाई, बाई."

मला वाटलं, आता उठवतील. तुम्ही म्हणालात, "मग बस," आणि निघून गेलात. थोड्या वेळाने एक कात्री, खळ आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात. शेतीच्या, आरोग्याच्या, भरतीच्या बातम्या कापायच्या आणि दारापाशी फळ्यावर लावायच्या. कापता कापता मी वाचायला लागले. तुमचा तोच बेत होता की तुम्हाला खरंच मदत हवी होती, हे मी कधी विचारलं नाही. तुमच्याशी जास्त बोलायची हिंमत कुणातच नव्हती. तुम्ही कोकणातल्या, समुद्राकडच्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. नोकरीसाठी इतक्या लांब एकट्याच आलेल्या. तांदळाच्या गिरणीमागे भाड्याची खोली. तुमचं बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ, एकही शब्द तुमच्या गावचा नाही. पोरी म्हणत, "बाईले हसता येत नाई."

शनिवारचं वाचन तुम्ही सुरू केलंत ते दिवाळीनंतर. टेबलाभोवती मुलींनी बसायचं आणि प्रत्येकीने एकेक पान मोठ्याने वाचायचं. माझी पाळी आली. मी ‘मला’ वाचायच्या जागी ‘मले’ वाचलं, ‘नाही’च्या जागी ‘नाई’. कागदावर वेगळं लिहिलेलं दिसत असूनही तोंडातून घरचंच बाहेर पडत होतं. खिडकीबाहेर मुलं उभी होती. ती माझी नक्कल करायला लागली. आतल्या मुलीही तोंडावर ओढणी धरून हसत होत्या, त्यांच्या घरी तेच बोलत असूनही. मी पुस्तक मिटलं आणि रडायला लागले. तुम्ही जवळ येऊन डोक्यावर हात वगैरे ठेवला नाहीत. उभ्या राहून म्हणालात, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, तोंड धू, आणि परत ये. पान अर्धं राहिलंय." मला तुमचा इतका राग आला. मी बाहेर गेले, हापशावर तोंड धुतलं, आणि घरी जाण्याऐवजी परत आले. का आले ते आजही सांगता येत नाही. खिडकीतली मुलं तुम्ही आत आणून टेबलाशी बसवली होती. मी उरलेलं पान वाचलं. मग तुम्ही पुस्तक सर्वात जास्त हसणाऱ्याच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "आता तू." तो घामाघूम झाला. पुढे तोच दर शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा.

दुसऱ्या वर्षी पौषात बाबा मला न्यायला आले. सिंदेवाहीकडचे पाव्हणे बघून गेले होते, मुलगा चांगला होता, पण त्यांना पुढचं शिक्षण नको होतं. बाबा ग्रंथालयाच्या दारात चपला काढून उभे राहिले. तुम्हाला म्हणाले, "बाई, पोरीले नेतो. शिकली तेवढं लय झालं." तुम्ही विचारलंत, "मी पण येऊ? तुमचं गाव पाहिलेलं नाही." बाबांना नाही म्हणता येईना. आपण तिघं बसने निघालो. मी घाबरले होते ते लग्नाला कमी आणि घराला जास्त. नदीकाठचं आमचं घर, अंगणात वाळत घातलेली जाळी, दारातच मासळीचा वास. तुम्ही नाकाला पदर लावाल, असं मनात धरूनच मी चालत होते.

आईने चुलीवर मासळीचा रस्सा ठेवला होता. तुम्ही पाटावर बसलात, भात कालवलात आणि जेवायला लागलात. काटे असे निघत होते तुमच्या बोटांतून की तुम्ही ताटाकडे पाहतही नव्हतात. आई हातातला डाव धरून बघतच राहिली. "बाई, तुमी त आमच्यातल्याच निंगाल्या."

"आमच्याकडे रोज असायचं," तुम्ही म्हणालात. "इथे एकटीसाठी कोण करतो?" आणि आणखी भात मागून घेतलात. बाई, तुम्हाला मागून जेवताना मी पहिल्यांदा पाहत होते.

बाबा वाट बघत होते की तुम्ही लग्नाचा विषय काढाल आणि मग ते उत्तर देतील. तुम्ही काढलाच नाहीत. जेवणं झाल्यावर पिशवीतून एक जुना दिवाळी अंक काढलात आणि मला म्हणालात, "आईला वाचून दाखव." आईच्या मागे शेजारची काकू आली, तिच्या मागे तिच्या सुना. माहेरी राहायला आलेल्या एका बाईची गोष्ट होती. भाऊ चांगला, पण भावजयीचा तिच्याशी अबोला, आणि ती परत जायला निघते. मी जसं येतं तसं वाचलं. बायका मधेच मला थांबवायच्या. "काऊन निंगाली ते? भावाले विचाराचं होतं." "मी त नसती गेली, बाप्पा." "तू कुठी जाशीन, तुले भाऊच नाई." काकू रडायला लागली. गोष्ट संपल्यावर आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच ती लिहिली आहे. बाबा बाहेर जाळं विणत बसले होते. त्यांचा हात केव्हाचा थांबला होता, हे मी दारातून पाहिलं.

सकाळी त्यांनीच आपल्याला बसपर्यंत सोडलं. बस आली तेव्हा म्हणाले, "परीक्षा होऊ द्या, बाई. मंग पाहू." पाव्हणे दुसरीकडे गेले. पुढे आले ते माझं वय विचारून परत गेले. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि असली तरी ती तुमच्याकडे नाही.

पुढच्या भादव्यात एक दिवस ग्रंथालय उघडलं नाही. शिपाई म्हणाला, बाई रजेवर असतील. दुसऱ्या दिवशीही दाराला कुलूप. तुम्ही न सांगता रजेवर जाणाऱ्यातल्या नव्हता. मी गिरणीमागे आले. दार नुसतं लोटलेलं होतं. घोंगडी, तिच्यावर चादर, तिच्यावर साड्या, आणि त्या सगळ्याखाली तुम्ही थंडीने कुडकुडत होता. घरमालकीण म्हणाली, "ताप हाय. उतरन." आमच्याकडे ताप हा पावसाळ्यातला पाहुणाच, येतो आणि जातो. पण तुमच्या अंगाला हिवतापाची ओळख नव्हती. डॉक्टरांनी सुई दिली आणि गडचिरोलीला न्या म्हणाले. जीप मिळाली. मी तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाटेत समोरून येणाऱ्या बसला हात दाखवून थांबवलं; तिचा कंडक्टर आमच्या गावचा होता, त्याच्याकडे बाबांना निरोप दिला. प्राचार्यांनी तुमच्या भावाला कळवलं.

वॉर्डात मी तुमच्या उशाशी बसून होते. ताप चढला की तुम्ही बोलायच्या. पण तुमचं ते स्वच्छ बोलणं नव्हतं. मला आधी एकही शब्द कळेना. मग कळलं की हे तुमच्या घरचं बोलणं आहे. तुम्ही माझं मनगट पकडलंत आणि म्हणालात, "आये, माका घराक व्हर गो." आईला घरी ने म्हणणाऱ्या लहान मुलीसारखा आवाज. दोन वर्षं तुम्ही आमच्यात राहिलात आणि असं बोलायला तुम्हाला एकही माणूस मिळालं नव्हतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "हो माय, चाल. जाऊ." तुम्ही डोळे मिटलेत. हात सोडला नाहीत.

पहाटे तुम्ही गेलात. बाबा डबा घेऊन पोचले ते तुम्हाला झाकल्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचे भाऊ आले, कपडे प्रवासाने मळलेले, चेहरा तुमच्यासारखाच. त्यांनी मला विचारलं, "काय बोलली का?" मी तुमचं वाक्य सांगितलं. माझ्या तोंडी ते वेडंवाकडं झालं असणार, पण त्यांना कळलं. तिथेच बाकावर बसून त्यांनी तोंड झाकून घेतलं. बाबा त्यांच्याजवळ जाऊन बसले.

घाटावर बायकांनी जायचं नाही, म्हणून मी दवाखान्याच्या पायरीवर तुमची पिशवी घेऊन थांबले. बाबांनी खांदा दिला. दुसऱ्या दिवशी ते तुमच्या भावांना गावी घेऊन आले आणि अस्थी सोडायला आपल्या डोंग्यातून नदीच्या मध्यावर नेलं. तिथे झालेलं बोलणं बाबांनी मला फार वर्षांनी सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "भाऊ, हे पाणी तुमच्या समुद्राले जाते ना?" तुमचे भाऊ म्हणाले, "नाही. ही नदी तिकडच्या, दुसऱ्या समुद्राला जाते." बाबांनी वल्हं पाण्याबाहेर काढून धरलं. डोंगा थोडा वाहत गेला. मग म्हणाले, "समुद्र समुद्र त भेटतच असन कुठीतरी." सांगताना बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. मला बाबांना विचारायचं होतं, हे त्यांनी तुमच्या भावांना बरं वाटावं म्हणून म्हटलं की त्यांना स्वतःलाच तसं वाटत होतं? विचारलं नाही.

कॉलेजला एक दिवस सुट्टी मिळाली. मग किल्ल्या कचेरीतल्या एका माणसाकडे गेल्या आणि कपाटांना पुन्हा कुलपं लागली. शनिवारी काही दिवस मी आणि तो खिडकीतला मुलगा जाऊन बसत होतो. मग त्याला भरतीत नोकरी लागली. मी एकटीच राहिले आणि मग मीही जायची थांबले.

ग्रंथालयाचं शिकायला नागपूरला गेले. आता घुग्घुसला, कोळशाच्या खाणींच्या गावी, ग्रंथालयात आहे. सकाळी टेबलं पुसते, दुपारपर्यंत त्यांच्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी कोळशाची धूळ बसते. मुलं गाईड मागायला येतात. कपाटं उघडी आहेत. थोडी पुस्तकं गेलीसुद्धा; मी वरच्यांना उत्तरं देते. शनिवारी वाचन ठेवते. कधी दोघीतिघी येतात, कधी कुणीच नाही. एका ट्रक चालवणाऱ्याची मुलगी येते, निम्मं हिंदीत वाचते. मी तिला थांबवत नाही. ती गेली की मात्र सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसतं. तुमच्या त्या खोलीत रविवारी तुम्ही काय करत होता, बाई? आम्ही कुणीच कधी आलो नाही.

आज रविवारच आहे. ग्रंथालयाच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या मुलाचं लग्न आहे. त्यांनी घरी येऊन कुंकू लावून बोलावलं होतं. मी सांगितलं, मला गावी जायचं आहे. गेले नाही. लग्नातून परतताना सगळे आपापल्या माणसांबरोबर निघतात, ते मला नको होतं. सकाळपासून आतून कडी लावून बसले आहे, स्टोव्हही पेटवला नाही. खिडकीच्या फटीतून उजेड येत होता तोवर लिहीत होते. आता अक्षरं दिसेनाशी झाली आहेत, आणि दिवा लावला तर मी घरातच आहे हे शेजारी कळेल.