बारशाचे पेढे

आक्का,

डब्यातल्या उरलेल्या पेढ्यांना हात लावू नकोस, कुत्र्यालाबी घालू नकोस. त्यातले दोन मी बाटलीत घालून तपासायला घेऊन चाललोय.

परवा आमच्या पोरीच्या बारशानंतर माणसं ओकून बेजार झाली आणि सगळ्यांनी सयाजी आचाऱ्याच्या आमटीला शिव्या घातल्या. मीबी घातल्या की! पण आरोग्य खात्यातल्या माणसाला चैन कुठं पडतंय? काल घरोघर फिरून कुणी काय खाल्लं ते विचारलं. शिरोळचं पावणं न जेवताच गेलतं, नुसता पेढा तोंडात टाकून. तेबी आडवं झालं. आणि शेजारच्या चिमणाबाईंना साखरेचा आजार, म्हणून पेढा खाल्ला न्हाय, आमटी मात्र भरपूर वरपली. बाई ठणठणीत! हाय की न्हाय गंमत?

मग मला तुझा अंगठा आठवला. नखुरडं पिकलेलं, वर चिंधी. त्याच हातानं तू खवा मळलास, आणि पेढे रातभर उकाड्यात परातीत राहिले. पुवातले जंतू त्यात वाढतात, वासबी येत न्हाय. तुला कुठं ठाऊक होतं? मलाबी तवा सुचलं न्हाय.

आजच दवाखान्यात जा. अंगठा बरा होईस्तोवर चुलीजवळ जाऊ नकोस आणि बाळालाबी घेऊ नकोस.

सयाजीला मिळालेली लग्नाची पंगत यापायी हातची गेली. दोष आमटीचा नव्हता, पेढ्यांचा होता, हे त्या लग्नघरी सांगायला मी निघालोय. तुझं नाव घेणार न्हाय. पण बारशाचे पेढे आत्याच वळते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक हाय.

आकाराम