तळघरातला वास्तुपुरुष

दसरा, १२ ऑक्टोबर २००५. वेस्ट विंडसर.
श्री गजानन प्रसन्न. आज परदेशात स्वतःच्या घरात आलो! जमाखर्च मांडून झाला की चार ओळी लिहायची सवय इथेही चालू. घर जुनं, पण ऊन भरपूर. गुरुजी फार लांबून येणार, शिवाय आज मुहूर्त बघायला नको, म्हणून वास्तूची पूजा मीच केली. पोथी वाचता येते की मला! वास्तुपुरुषाची चांदीची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते; पण तळघरात सगळं काँक्रीट. मग तिथल्या भिंतीच्या भेगेत उभी सरकवली. गिरीश हसले, म्हणाले, झालं का देवाचं पार्किंग? मी बापलेकीला बजावलं, वास्तू तथास्तु म्हणते, घरात वेडंवाकडं बोलायचं नाही.

१८ ऑक्टोबर
इशिताला शाळेत प्रोजेक्ट आहे, इंग्लंडमधलं एक जुनं कॅथेड्रल कसं बांधलं त्यावर. तळघरात पुठ्ठ्याचं मॉडेल करते नि तिथेच मोठ्याने वाचून प्रॅक्टिस करते. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, म्हणून तिने समजावलं. आधीचं लाकडी छप्पर जळालं, मग दगडी बांधलं. शंभर वर्षं काम चालू होतं म्हणे! म्हटलं, आपल्याकडच्या पुलासारखंच.

१९ ऑक्टोबर
शेगडीवरचं लाकडी कपाट पेटलं. देवाने वाचवलं. गिरीश म्हणाले, ग्रीज साचलं असेल. मी परवाच पुसलं होतं.
इशिता आज पुढचं वाचत होती. दलदलीवर बांधलेला मधला टॉवर खचला, कोसळला.

२० ऑक्टोबर
वारा नव्हता, तरी छपरावरची धुराची चिमणी कोसळली. तळघरापासून जिन्यापर्यंत भिंतीला तडा.
शेजारच्या नीलांबरीकाकूंना वास्तुपुरुष उभा ठेवल्याचं सांगितलं. त्या ओरडल्याच, अगं, पालथा ठेवतात त्याला! तोंड मोकळं राहिलं तर जे कानावर पडेल ते खरं करत सुटेल.
धावत खाली गेले. गार वारा येतो म्हणून गिरीशनी भेग सिमेंटने बुजवली होती. फोडा म्हटलं, तर म्हणाले, घर घेऊन पंधरवडा झाला नाही नि भिंती फोडू?

२२ ऑक्टोबर
प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर काय आहे, इशिताला विचारलं. टॉवर पुन्हा पुन्हा खचायचा. गवंड्याची मुलगी बापाचा डबा घेऊन आली, तिला खांबात चिणली. मग टॉवर कधी हलला नाही. इमारत गप्प झाली. इट्स जस्ट अ लेजंड, आई, म्हणाली.
घरात वाचायचं नाही, अशी गळ्याची शपथ घातली. डोळे फिरवून हो म्हणाली.

२३ ऑक्टोबर, रविवार
देवळातून आले. गिरीशनी लेकीला तळघरात सगळं वाचायला लावलं होतं. शेवटच्या पानासकट. मी जिन्यात पोचले तेव्हा टाळ्या चालू होत्या. ऐकायला गिरीश एकटेच. टाळ्या मात्र — दोघांच्या —

२४ ऑक्टोबर
इशिता शाळेतून आली. मॉडेल हलवायला खाली गेली. हाक मारली, ओ नाही.

जिन्यातला तडा मिटला आहे.

खाली कुणी नाही. कोपऱ्यातलं सिमेंट ओलं. तरी हातोड्याने कपचाही उडत नाही. गिरीश फोन उचलत नाहीत —

मीच मोठ्याने म्हणाले, इशिता बाहेर येईल, बाहेर येईल. घर गप्प. बोललेलं ऐकत नाही म्हणून लिहून बघते — इशिता बाहेर येईल — इशिता बाहेर —

भिंतीच्या आतून इशिताची हाक आली, आई. आणि तिच्याजवळ कुणीतरी, अगदी मायेने, तिला ओ दिली —