जीभ जागेवर आहे

मुर्री, गोंदिया
११ फेब्रुवारी

अहो,

इकडे सगळे बरे आहेत. मामाजींचा खोकला उतरला आहे. आईंचे गुडघे जसे होते तसेच आहेत. वरच्या शेतातल्या बांधीत उन्हाळी धानाचा रोवणा सुरू आहे आणि बाया मिळत नाहीत म्हणून मामाजी सकाळपासून चिडलेले असतात. तुम्ही कसे आहात? तुमच्या चौकीवर फोन लागत नाही, हे एका अर्थी बरंच आहे. फोन आला की आई माझ्या बाजूला येऊन बसतात. हे सगळं मला त्यांच्यासमोर बोलताच आलं नसतं. पाकिटावर त्यांच्या लेकाचं नाव नेहमीसारखं मामाजींकडूनच लिहून घेईन, पण पाकीट आधी चिकटवीन.

आचल मजेत आहे. म्हणजे घरी मजेत आहे. बिरसीच्या विमानतळाचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं की अंगणात उभी राहून ओरडते, "माज्या बाबाले घेऊन ये!" मग घरातल्या सगळ्या बातम्या त्या विमानाला सांगते. मांजरीला पिल्लं झाली, आईने खीर जाळली, सगळं. खीर थोडी लागली होती, जळली नव्हती.

आणि हीच पोरगी कॉन्व्हेंटच्या नर्सरीत दिवाळीपासून तोंड उघडत नाही. आधीही बुजरीच होती, पण विचारलं तर सांगायची. आता हजेरीलाही नाही, पाणी मागायलाही नाही. गेल्या महिन्यात शाळेच्या मॅडमने बोलावलं. "बच्ची बोलती नहीं है. स्पीच की जाँच करवाइए, रिपोर्ट लाइए, तभी केजी में लेंगे." मला वाटलं, पुढच्या वर्गाच्या जागा भरल्या असतील आणि गरिबाच्या पोरांना काढायची ही नवी युक्ती असेल. मी तिला तसं विचारलंही. तिला ते आवडलं नाही.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. दूधवाल्याच्या मापावर माझा डोळा असतो, तसा शेजारणीच्या हसण्यावरही असतो. तुम्ही म्हणता मी दोरीला साप म्हणते. पण कधी कधी साप असतोही. म्हणून पुढचं रागावल्याशिवाय वाचा.

दिवाळीनंतर मी एक गोष्ट पाहिली. अंगणात आचल आईंजवळ बसून बडबडत होती. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर आईंनी तिच्या ओठावर बोट ठेवलं. पोरगी गप्प. मी विचारलं, "आजी काय म्हणाली गं?" तर तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात काळा दोरा. आई म्हणाल्या, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या मनात पाल चुकचुकली. मला काय वाटलं ते सरळ लिहिते. मला वाटलं, आई पोरीला माझ्यापासून तोडत आहेत. तुम्ही तिकडे, आणि इकडे माझी मुलगी मलाच काही सांगायची नाही, अशी शिकवण चालली आहे.

तपासणीला पहिल्यांदा मी एकटीच आचलला घेऊन गेले. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. तिथे बोलणं तपासणारी अंजू मॅडम म्हणून एक तरुण मुलगी आहे, रायपूरकडची, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलते. मला आधी तीही पटली नाही. सारखी हसते, आणि सारखं हसणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं असं मला वाटतं. तिने चित्रांचे पत्ते काढले. गाय, छत्री, टमाटर. "बेटा, इसका नाम बताओ." आचलने तोंडावर हात ठेवला. "बरं, याचं नाव सांग." दुसराही हात वर. पत्ता बदलला की पोरगी आणखी माझ्या पदरात शिरायची. मॅडमने तिला खेळायला ठोकळे दिले आणि मला हळूच विचारलं, "घर में कोई डाँटता है क्या?"

मी म्हटलं, "आजी."

तेव्हा बोलून टाकल्यावर मला हलकंच वाटलं, खोटं कशाला लिहू. मॅडम म्हणाली, पुढच्या वेळी दादीला आणा. म्हणजे हिला माझ्या शब्दावर विश्वास नाही, असं मी धरून चालले.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. घरी येऊन मी बॅग भरली. माझे दोन जोड, आचलचे कपडे, तिची बाहुली. ठरवलं होतं, तपासणीत आईंचं नाव निघालं की पोरीला घेऊन देवरीला माहेरी जायचं आणि तिथूनच तुम्हाला कळवायचं. तुम्हाला न विचारता. बॅग खाटेखाली सरकवून ठेवली.

परवा आम्ही तिघी गेलो. आईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ऑटोत मी आचलला माझ्या बाजूला बसवलं. खोलीत पुन्हा तेच झालं. गाय, छत्री, टमाटर, आणि तोंडावर दोन हात. मॅडमने पत्ते बाजूला ठेवले आणि घरातल्यांची माहिती लिहायला घेतली. आईंना विचारलं, "दादी, आपका नाम?"

"शकुंतलाबाई."

"और पति का नाम?"

आईंनी पदर तोंडावर घेतला. मान खाली. मॅडमला वाटलं ऐकू आलं नाही, तिने मोठ्याने विचारलं. आईंनी मला कोपराने ढोसलं, "तू सांग ना वं." मी कशी सांगू? सासऱ्याचं नाव सून घेते का? माझाही हात आपोआप तोंडावर गेला. एका बाकावर आम्ही तिघी ओळीने बसलो होतो आणि तिघींच्या तोंडावर हात. मॅडम आमच्याकडे बघतच राहिली. या वेळी हसली नाही.

मग ती खाली वाकली आणि आचलला म्हणाली, "तू भी नाम नहीं लेती?"

आचल हाताच्या आतून बोलली, पण बोलली. "नाव घेतलं त जीभ झडते."

मग आईंनीच सगळं सांगितलं. दिवाळीत मामाजींचे दोस्त मुन्नालालकाका आले होते ना. त्यांनी फाटकातूनच मामाजींना नावाने जोरात हाक मारली. आचलला ती गंमत वाटली. दिवसभर अंगणात तेच नाव ओरडत फिरली, "ए अमुक, चाय पी! ए अमुक, म्हशीले पाणी दे!" माझ्या पाठीमागे आईंनी तिच्या तोंडावर चापट मारली आणि सांगितलं, मोठ्याचं नाव घेत नाहीत, नाव घेतलं तर जीभ झडते. नंतरही ती कधी चुकून सुरू झाली की आई ओठावर बोट ठेवायच्या. मी पाहिलं ते हेच. आणि शाळेत काय, नाव सांग. तपासणीत काय, नाव सांग. गायीचं नाव, छत्रीचं नाव, स्वतःचं नाव. पोरीने जीभ वाचवली.

मॅडमने समजावून पाहिलं, मीही पाहिलं. आचल ऐकेना. तिचं खरं होतं, सांगणारी मोठी माणसंच तोंड झाकून बसली होती. तेव्हा आई उठल्या. पदर नीट केला, आचलसमोर उभ्या राहिल्या आणि लग्नाच्या मांडवात उभ्या असल्यासारखं म्हणाल्या,

"धानाच्या बांधीत बगळ्याची चाल,
नातीच्या बोलासाठी नाव घेतो, भैय्यालाल!"

हे नाव लिहिताना माझा हात थांबला होता, पण लिहिलं. मग आईंनी त्या मॅडमसमोर पूर्ण जीभ बाहेर काढली. "पाह्य, आहे का नाही?" आचलने ती बोटांनी धरून पाहिली, खालून, वरून. माझीच मुलगी आहे, एका नजरेत विश्वास ठेवणार नाही. मग पत्त्यांकडे वळली. "गाय. छत्री. भेदरं." मॅडमला भेदरं कळेना. मी सांगितलं, टमाटर. तिने ते बरोबर धरलं की चूक, हे मी वाकून पाहिलं. बरोबर धरलं होतं.

रिपोर्टमध्ये लिहिलं आहे की बोलणं वयाप्रमाणे आहे, मूल बुजरं आहे, शाळेने वेळ द्यावा. शाळेच्या मॅडमने कागद दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. तिचाही स्वभाव माझ्यासारखाच दिसतो. वर्गात आचल अजून गप्पच असते, पण काल पाणी मागितलं म्हणे.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना ऑटोत आई रडल्या. "मीच माज्या नातीले मुकी केली का वं?" मी म्हटलं, "आई, मी देवरीला जायला बॅग भरली होती."

"मले दिसली होती ना. झाडू मारत होतो त खाटेखाली दिसली. आचलचा स्वेटर रायला होता, तो टाकून देल्लो. देवरीकडं जंगलाची थंडी रायते."

घरी येऊन बॅग उघडली. स्वेटर वरच होता, घडी करून. मी आईंच्या मागे इतके दिवस डोळे लावून बसले होते, आणि हे एक मला दिसलं नाही. खूप लाज वाटली, आणि खूप रडले.

आज आचल मला विचारत होती, "आई, तू बाबाचं नाव काऊन नाई घेत? तुझी जीभ झडते?" मी दार लावून एकदा मोठ्याने म्हटलं. मग आरशात पाहिलं, खात्री करून घेतलेली बरी. पाकिटावर नाव या वेळी मीच लिहीन.

उमेंद्र, लवकर या.

तुमची
दुर्गेश्वरी