पन्ना कोट्टा आणि माझं बोट

सोमवार, ३ तारीख

आधी आली ती पोरगी! तिची आई खाली स्कूटर लावतेय आणि ही सात वर्षांची चिमणी आमच्या सोफ्यावर मांडी ठोकून हजर. मागून तिची आई आली, ती औषधाच्या दुकानातली बाई. सहा महिने माझ्या लेकाला डोकेदुखीच्या गोळ्या देतेय. त्याचं डोकं कधी दुखतं, मला तर दिसलं नाही. सून जाऊन सहा वर्षं झाली, आता ही आली तर घर भरेल. पण चौदा वर्षांची नात दार लावून बसली ती बसलीच. लेक म्हणतो, तिला नको असेल तर मी नाही लग्न करणार. झालं, घोडं अडलं ते तिथंच.

बोलता बोलता बाई म्हणाली, तिला तो इटलीचा गोड पदार्थ आवडतो — पांढराशुभ्र, थरथरणारा. रविवारी या, करते, म्हटलं. माझी जीभ ना!

बुधवार, ५

पन्ना कोट्टा. नाव पाठ व्हायला दोन दिवस लागले.

शनिवार, ८

सोपं आहे म्हणे. क्रीम आणि साखर गरम करायची, भिजवलेलं जिलेटिन विरघळवायचं, वाट्यांत ओतून फ्रीजमध्ये. लेक मोबाइलमधून वाचत होता, उकळू द्यायचं नाही. जन्मभर याला दूध उकळून पाजलं, आता हा मला शिकवतोय! सहा वाट्या भरल्या. आता हात लावायचा नाही, म्हणाला. हे मात्र अवघड. बटाटासुद्धा दाबून बघितल्याशिवाय मी उतरवत नाही.

रविवार, ९

दाबून बघितलं. सकाळपासून दर तासाला. दर वेळी वेगळी वाटी — एकीलाच त्रास कशाला?

दुपारी नातीनं फ्रीज उघडला. सहा वाट्या, सहा भोकं. मी म्हटलं, घट्ट झालं का बघत होते. तिनं तोंड फिरवलं, खांदे हलायला लागले. वाटलं, रडतेय. हसत होती! किती दिवसांनी. मग स्ट्रॉबेऱ्या साखरेत शिजवून भोकाभोकात भरल्या, आणि परत खोलीत.

पाहुण्या आल्या. चिमणीनं सगळं लाल आधी चाटलं, मग विचारलं, "भोक कुणी पाडलं?"

मी बोट पदरात लपवलं. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं.

"मी," नात म्हणाली. "रस मावावा म्हणून. सरक, मला बसू दे."

लेकाचा चमचा तोंडातच राहिला. उरलेली सहावी वाटीही मीच खाल्ली. साखरेचे डॉक्टर गेले खड्ड्यात.

मंगळवार, ११

शुक्रवारी परत येतो म्हणाल्यात दोघी. नातीनं आज आपलं अर्धं कपाट रिकामं केलं. कुणी सांगितलं नव्हतं.