ॲडमिरलच्या जन्मघराचं फेरसंशोधन

३ मे
निश्चय: इतिहास मंडळाचा अध्यक्ष म्हणून गावाची ऐतिहासिक फेरी सुरू करायची. लोअर पिडकॉमने जगाला एकच मोठा माणूस दिला, ॲडमिरल जोसाया फेन. (दुसरा मी, पण ते लोकांनी म्हणायचं.) शेवटचा टप्पा त्याचं जन्मघर. तिथे हल्ली टॅपस्कॉटबाई राहतात. आणि त्यांचा पाळीव राजहंस, ब्रिगेडियर.

७ मे, सकाळी
तालीम. फाटकापर्यंत गेलो. ब्रिगेडियर मान लांब करून फिस्कारला. परतलो. भ्यालो नाही, छत्री घरी राहिली होती.

८ मे
छत्री नेली. ती आता ब्रिगेडियरकडे आहे. टॅपस्कॉटबाई कुंपणावरून ओरडल्या, अहो पिलबीम, काही करत नाही तो, फक्त पळू नका! हे त्यांनी मी पळाल्यावर सांगितलं.

१२ मे
ॲडमिरलच्या वंशज मिस ॲव्हरिल फेन कॅनडाहून येणार! योग्य माणसाला ॲडमिरलची दुर्बीण देणार म्हणे. योग्य माणूस मीच. पण जन्मघर दाखवावं लागणार. झोप उडाली. डोळे मिटले की ती मान दिसते.

१५ मे
संशोधनाला कलाटणी. टॅपस्कॉटबाईंचं घर फारच बुटकं. ॲडमिरल सहा फुटी. जन्म तिथे शक्यच नाही. मुरिएल म्हणाली, सेड्रिक, जन्मला तेव्हाच सहा फुटी होता का? बायकोला इतिहासाची दृष्टी नाही.

२० मे
सिद्ध झालं. जन्म आमच्याच घरात, मागच्या खोलीत. मुरिएल म्हणाली, हे घर तुझ्या वडिलांनी बांधलंय. म्हटलं, जमीन तर जुनीच ना? पाटी लावली. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२ जून, रविवार
मिस फेन आल्या. सोबत अख्खं मंडळ. पाटी वाचून विचारलं, आणि राजहंस कुठेत? त्यांच्या घराण्यात सांगतात म्हणे, दारातल्या राजहंसांना भिऊन जोसाया लहानपणीच जो पळाला, तो थेट जहाजावर चढला. मी म्हटलं, दंतकथा. टॅपस्कॉटबाई म्हणाल्या, चला की माझ्याकडे, चहाही होईल. सगळे गेले. मुरिएलसुद्धा, सँडविचेस घेऊन.

मागून फाटकापर्यंत गेलो. मिस फेननी हाक मारली, या हो, घाबरताय काय! ब्रिगेडियरने मान वर केली.

दुर्बीण टॅपस्कॉटबाईंना मिळाली. मी दाराला कडी लावून बसलोय. ॲडमिरलसारखं पळून जावं म्हणतो, पण समुद्र लांब आहे आणि रविवारी बस नसते.