उपाशीपोटी दोन तास

सोमवार, ३ तारीख
लागली एकदाची नोकरी! प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी माझं टेबल, टेबलावर माझा स्वतःचा मायक्रोस्कोप. ताईच्या घरापासून चालत दहा मिनिटं. प्रमुख बाई हसतमुख आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं रक्त काढून घेतलं. त्यातल्या पांढऱ्या पेशी बशीत वाढवायच्या आणि त्यांच्यात जंतू सोडायचे, हे माझं काम. इथे प्रत्येक जण स्वतःच्याच रक्तावर काम करतो म्हणे. ताई म्हणाली, नोकरीसाठी रक्त आटवतात असं ऐकलं होतं, तू खरंच आटवायला निघालीस.

गुरुवार, ६
जंतू भलताच बिलंदर आहे. पेशीच्या पोटात शिरतो, स्वतःभोवती फुग्यासारखी खोली बांधतो आणि बसून राहतो. पेशीने साठवलेली चरबी, लोह, सगळं त्याला आयतं पोचतं. आयत्या बिळावर नागोबा! पेशी मरत नाही. ती भुकेली होते, बाहेरून आणखी ओढून घेते आणि त्यालाच वाढते. बाई म्हणाल्या, मेलेला यजमान कुणाच्या कामाचा नाही.

मंगळवार, ११
दुपारी हातमोजा फाटला आणि बशीतल्या काचनळीने बोट कापलं. अपघाताच्या वहीत लिहायला गेले तर बाईंनी वही मिटली. एवढ्याशा ओरखड्याचा बाऊ कशाला, म्हणाल्या. मग भूक कशी आहे ते विचारलं. कापलं बोट, आणि चौकशी भुकेची? मला ते खटकलं.

शुक्रवार, २१
आज पाच वेळा जेवले. ताईला वाटतं, नोकरी मानवली. पण पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली आहेत. वजन साडेचार किलो उतरलंय. बाई रोज भुकेचं विचारतात आणि काहीतरी लिहून ठेवतात.

सोमवार, २४
शेजारच्या विभागातल्या तंत्रज्ञांना सहज सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. स्वतःच्या रक्तातल्या पेशी कुणी वापरत नाही म्हणाले. परकी पेशी अंगात शिरली तर शरीर तिला ओळखून मारतं. आपलीच पेशी परत आली तर तिला कोण अडवणार, पोटात जंतू घेऊन आली तरी? बाईंना हे ठाऊक नसेल?

मंगळवार, २५
बाईंची वही पाहिली. माझं वजन, माझी भूक, अकरा तारखेपासून. पहिली नोंद सकाळी नऊची.
हातमोजा फाटला दुपारी. आणि मोजे त्या सकाळी त्यांनीच काढून दिले होते.

बुधवार, २६
ताईबरोबर डॉक्टरांकडे. जंतू मारायच्या गोळ्या मिळाल्या. उपाशीपोटीच घ्यायच्या, आधी दोन तास काही खायचं नाही, नाहीतर लागू पडत नाहीत.
पंधरा मिनिटांत अख्खा ब्रेड संपवला. पुन्हा प्रयत्न— नाही जमलं. पुन्हा—

गुरुवार, २७
मीच ताईला खोलीला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. आत मी, पाणी आणि गोळी. ती दाराला टेकून बसलीय. “दोन तास कळ काढ गं. मी इथेच आहे.” आवाज रडका. मला जगायचंय. खूप भीती वाटतेय.

एक तास झाला. परवा बशीत पाहिलं होतं— बाहेरून काही मिळेनासं झालं की पेशी स्वतःलाच पचवते. जंतूला तेही चालतं.

नखं संपली. दुखत नाही.

अजून चाळीस मिनिटं. ताई, काहीही ऐकू आलं तरी कुलूप काढू नकोस— उजवा हात नको, लिहायला लागतो— डावी करंगळी, एवढीच, मग—